खड्याच्या चार टिकल्या

खडवलीचा तानाजी पत्रेवाला लेकीकडे जेवायला वर्तकनगरला आला तो रिकामी बॅग घेऊन. खुर्चीपाशी बॅगेची चेन वाजली आणि संचिताने ओळखलं, ही माळ्यावरची मोठी निळी. दहावीनंतर दोन वर्षांत तिची नजर गेली, पण कान जागच्या जागी होते.

"बाबा, बॅग कशाला आणलीत?"

"असू दे. लागली तर."

लागली तर म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. ठाण्यात एम.ए.ला नाव घातलं आणि संचिता भाड्याच्या खोलीत एकटी राहायला लागली, तेव्हाच तानाजीने अट घातलेली. "महिन्याने येईन. माझ्यासमोर रांधायचं, मी जेवणार. जमलं तर राहा. नाही जमलं तर त्याच पावली घरी."

महिनाभर पोरीने काय काय केलं म्हणता! मोबाईल तिला पुस्तकं वाचून दाखवायचा, तोही असा भरधाव की घरमालकीण रंगूबाई म्हणायची, "अगं, त्याला दम तरी घेऊ दे." कपाच्या काठावर ती एक छोटं यंत्र अडकवायची. चहा काठाला टेकला की ते पिपाणीसारखं वाजायचं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा रंगूबाई समोरच्या दारातून लाटणं घेऊन धावत आलेली! मिठाच्या बरणीला एक रबर, साखरेच्या बरणीला दोन.

अडलं ते शेगडीपाशी. गॅस नको, हा रंगूबाईचा हट्ट. म्हणून विजेची शेगडी आणली, तर तिचा माथा सगळा सपाट काचेचा! बटण कुठे ते बोटाला कळणार कसं? मग संचिताने चारही बटणांच्या वरच्या अंगाला खड्याची एकेक टिकली चिकटवली. खडा लागला की बोट जरा खाली सरकवायचं. पिक् वाजलं की समजायचं, लागली.

तर त्या रविवारी संचिताने बेसन कालवलं, कढई ठेवली आणि बोट काचेवर फिरवलं. खडा नाही. पुन्हा फिरवलं. काच नुसती गुळगुळीत.

"काय गं?" तानाजी खुर्चीतून अर्धा उठला.

"काही नाही. काकू, माझ्या शेगडीला कोणी हात लावला?"

रंगूबाई दारातच उभी होती, कौतुकाची वाट बघत. "मीच! तू मघाशी बाजारात गेलेलीस ना, म्हटलं वडील यायचेत, खोली चकाचक करू. शेगडीवर या एवढ्या टिकल्या! आमची सून पायल पण आंघोळीला जाताना आरशाला चिकटवून ठेवते. सुरीने खरवडल्या बाई सगळ्या."



तानाजीने शर्टाच्या बाह्या सारल्या. "सर बाजूला. मी लावतो शेगडी. हे असंच होणार, संचिता. रोज कोण बघायला बसलंय इथे?"

"बसा बाबा."

"अगं पण..."

"बसा म्हटलं ना! गावच्या दुकानात तुमची कात्री कोणी जागची हलवली, तर तुम्ही दुकान बंद करता? शिव्या घालता आणि दुसरी कात्री काढता. काकूंना मी शिव्या घालणार नाही, एवढाच फरक."

"अगं बाई! घाल की, घाल!" रंगूबाई रडवेली झाली.

"नको काकू. खड्याच्या टिकल्या आहेत का?"

"हळदीकुंकवाला लावते त्या आहेत. पण मोठ्या आहेत गं."

"पळा."

रंगूबाई पळाली. इकडे संचिताने खण उघडून वहीचा एक पुठ्ठा काढला. त्याला चार भोकं. वाफेने टिकल्या कधीतरी सुटणारच, हे पोरीने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मैत्रिणीला, मेघनाला, बसवून घेऊन तिने टिकल्यांच्या जागी मोठाली भोकं पाडून ठेवलेली. पुठ्ठ्याचा कोपरा शेगडीच्या कोपऱ्याला भिडवला, रंगूबाईने आणलेली एकेक टिकली भोकातून दाबली, पुठ्ठा उचलला. पिक्! तेल तापलं, मोहरी तडतडली, फोडणीत बेसन पडलं. एक गुठळी होईल तर शपथ.

"भाकऱ्या विकतच्या आहेत," ताट वाढताना ती म्हणाली. "लपवत नाही. या इमारतीत डोळे असणारेही विकतच आणतात. हो ना काकू?"

"मला कशाला मध्ये घेतेस!" रंगूबाई म्हणाली.

तानाजी जेवला. पिठलं दोनदा मागून घेतलं. हात धुऊन आला आणि तो पुठ्ठाच उचलून बघत बसला. आयुष्यभर पत्र्याच्या पेट्या ठोकलेला माणूस. भोकांवरून अंगठा फिरवत राहिला.

"बाबा, बोला की. नापास?"

"हे भिजेल," तो म्हणाला. "पत्र्याचं करून आणतो. पुढच्या रविवारी."

"कडा नीट घासून आणा. माझं बोट कापलं तर बॅग भरून तुम्हालाच इथे राहायला यावं लागेल."

तानाजी ओठ दाबून हसला. ते तिला दिसलं नाही, पण ऐकू आलं. मग त्याने पुठ्ठा मापासाठी मागितला.

"पुठ्ठा नाही मिळणार," संचिता म्हणाली. "कागदावर उतरवून घ्या. टिकल्या पुन्हा सुटल्या तर? मला संध्याकाळी चहा करायचाय."

तानाजीने निमूटपणे पेन्सिल मागितली. निघताना तो कागद त्याने निळ्या बॅगेत टाकला. एवढ्या मोठ्या बॅगेत तेवढाच एक कागद.