नानीबेनची बाजू

कार्ड अर्धं झालं की मोटीबेन ते टेबलावरून पलीकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, “हे घे.” पलीकडे एक खुर्ची होती आणि त्या खुर्चीत कोणी नव्हतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं, अर्धवट उघड्या दारातून, भर दुपारी. सरकवलेलं कार्ड रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन थांबलं. मोटीबेननी दुसरा कागद पुढ्यात ओढला, कात्री उचलली आणि मधेच मान वर करून पलीकडे पाहिलं. बरोबर काम करणारं माणूस कुठवर आलंय ते आपण पाहतो ना, तितक्याच सहज. थोड्या वेळाने त्यांनी ते कार्ड उचलून खुर्चीशेजारच्या ढिगावर ठेवलं. तो ढीग बराच उंच झाला होता. सगळी कार्डं अर्धीच.

मी दारात उभी होते ती पिंपळाची पानं घेऊन. माझे वडील जंगलखात्यात होते आणि त्यांची बदली डहाणूला झाली होती. मी मुंबईच्या इंग्रजी शाळेत, तिथल्याच वसतिगृहात वाढलेली. त्या वर्षी कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून घरी बसले होते. गावात कोणाशी काय बोलावं ते मला कळत नसे. मराठी बोलताना इंग्रजी शब्द आला की लोक हसत, म्हणून मी बोलायचंच टाळत असे. गावातल्या पारावरच्या पिंपळाची पानं कोणी तोडू देत नसे. तलासरीच्या रस्त्याला मात्र मोठाले पिंपळ होते आणि वडील फिरतीवर तिकडे नेहमी जात. मोटीबेननी त्यांच्याकडे पानं मागितली होती, आणि ती पोचवायला आईने मला पाठवलं होतं.

“ये,” त्या म्हणाल्या. “पानं बादलीत टाक. आणि बस.”

बसायला ती एकच खुर्ची होती. मी घुटमळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं, आणि जणू कोणाला विचारून घेतल्यासारखं म्हणाल्या, “बस, बस. चालेल म्हणते ती.”

त्या दोघी बहिणी होत्या. गल्लीत गुजराती शेजार फार, त्यामुळे थोरलीला सगळे मोटीबेन म्हणत आणि धाकटीला नानीबेन. दोघींचीही लग्नं झाली नव्हती. आईवडील गेल्यावर चिकूची लहानशी वाडी आणि हे घर एवढंच राहिलं होतं. चिकूच्या पेट्या ठेवायच्या मागच्या खोलीत दोघींनी कार्डांचं काम मांडलं. पेट्यांवर जाड फळ्या टाकून टेबल केलं. भिंतीला बिस्किटांचे डबे ओळीने लावले. एकात दोरे, एकात चुन्यात धुऊन हळदीत रंगवलेले माशाचे खवले, एकात टिपकागद. खिडकीखाली पानं भिजवायच्या बादल्या. दिवाळीची, नाताळाची, वाढदिवसाची कार्डं डहाणूहून घोलवडपर्यंतच्या वाड्यांवर जात. मी येण्याच्या आदल्या पावसाळ्यात नानीबेन तापाने गेल्या. ढीग साचायला लागला तो तेव्हापासून.

मोटीबेन उंच, वाळलेल्या, उजव्या खांद्यावर पदर घेणाऱ्या. चिकटवायच्या खळीला कीड लागू नये म्हणून त्या तिच्यात मोरचूद घालत, त्यामुळे त्यांची नखं कायम निळसर असायची. पहिल्या दिवशी त्या हातांकडे पाहून मला कसंतरीच झालं होतं. आवाज मात्र मऊ होता. पानं कुजेपर्यंत पाण्यात ठेवायची, मग मऊ ब्रशने गर काढून टाकायचा, की नुसती शिरांची जाळी उरते. खोलीत तो कुजका वास भरून असे. मी नाकाला रुमाल लावला की त्या म्हणायच्या, “सडू दे. सडल्याशिवाय जाळी दिसत नाही.” हे त्या पानांबद्दलच बोलत असाव्यात. मी नक्की सांगू शकत नाही.

अर्ध्या ढिगाबद्दल मी एकदाच विचारलं. पुढचं काम त्या स्वतःच का करत नाहीत? त्यांनी कात्री खाली ठेवली.

“कार्ड एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं. मग ते एकाच हाताने कसं करायचं? अर्धं माझं, अर्धं तिचं. ही बाजू मी भरली तर मग नानी गेलीच म्हणायचं.”

त्यांना हवं होतं ते एवढंच. ती बाजू चालू राहायला हवी होती. त्यासाठी त्यांना कोणाचा तरी हात लागणार होता, आणि माझ्याकडे वेळ होता. शिवाय तिथे बोलावं लागत नसे. मला ते बरं वाटलं.

मोटीबेन कागद कापून त्यावर जाळी चिकटवत. जाळीवर रंग भरायचं, खवल्यांची फुलं करायचं, खाली चित्र काढायचं काम नानीबेनचं. पहिले काही दिवस मी शाळेत शिकवल्यासारखे गुलाब आणि घंटा काढल्या. ती कार्डं मोटीबेन वेगळी ठेवत आणि म्हणत, “नानी म्हणते, लाल कमी.” म्हणाली नव्हे, म्हणते. दर वेळी. शाळेत मी व्याकरणात पहिली असे, पण ही चूक दुरुस्त करायचं धाडस मला कधीच झालं नाही.

नानीबेनच्या जागेवरच्या वस्तू हलवायच्या नाहीत, एवढा एकच नियम होता. रंगाच्या वाट्या डावीकडे, ब्रश डावीकडे, पाण्याचा पेला डावीकडे. नानीबेन डावखुऱ्या होत्या. मी उजव्या हाताची. दर वेळी अंगावरून हात पलीकडे न्यावा लागे, पाणी सांडे, कार्ड खराब होई. एके दिवशी सोय म्हणून मी ब्रश डाव्या हातात धरला. रेघ थरथरली, पण आली. मोटीबेन मान खाली घालून कापत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. कात्रीचा आवाज मात्र थांबला होता, आणि तो बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला.

दिवाळीपर्यंत माझा डावा हात चांगला वळायला लागला. मी जाळीखाली एक होडी काढू लागले, आणि किनाऱ्यावर पाठमोरी बाई. असं चित्र काढ म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कुठे पाहिलं असेल तर ते त्याच खोलीत, एखाद्या जुन्या कार्डावर. असंच मी स्वतःला समजावलं. साचलेला ढीग उतरू लागला. मोटीबेन खुश होत्या. मधूनच त्या काहीबाही सांगत; लहानपणी खाजणाच्या चिखलात रुतलेली चप्पल, आईने लपवलेला गूळ. “आठवतं?” असं विचारून माझ्याकडे पाहत. मी हसत असे. नाही म्हणायला हवं होतं, पण ते जमत नसे.

घोलवडच्या एका वाडीच्या मालकीण, वयस्क इराणी बाई, नाताळाची कार्डं न्यायला मोटारीतून आल्या. दारातच उभं राहून त्यांनी वरचं कार्ड हातात घेतलं, चष्म्याजवळ नेलं.

“आ तो नानीबेननो हाथ छे,” त्या हळूच म्हणाल्या. हा तर नानीबेनचा हात.

मोटीबेन हसून म्हणाल्या, “मग कोणाचा असणार?”

बाईंनी आत, खुर्चीकडे, माझ्याकडे पाहिलं. मग कार्डं न मोजताच पिशवीत घातली आणि निघाल्या. जाताना गळ्यातल्या साखळीला हात लावून काहीतरी पुटपुटल्या.

चिंचणीची जनाबाई मासे विकायला येई, आणि घोळ माशाचे मोठे खवले फडक्यात बांधून मोटीबेनसाठी आणी. तोंडाची फटकळ. मोटीबेनना चिडवायची, की लोक मासा खातात अन्‌ तुम्ही त्याची फुलं करता. ती नेहमी आत येऊन जमिनीवर ऐसपैस बसे. एकदा मी दाराकडे पाठ करून रंग भरत होते. मागे टोपली आपटल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर जनाबाई उंबऱ्याबाहेर उभी. मी आहे हे कळल्यावर तिने टोपली उचलली, पण ती आत आली नाही. त्या दिवसापासून खवल्यांचं फडकं ती पायरीवरच ठेवून जाऊ लागली. एकदा मी घरी जाताना वाटेत भेटली, तेव्हा तिने मला थांबवलं.

“ताई, त्या खुर्चीत नका बसू. ती खुर्ची भरलेली हाय.”

मी म्हटलं, मीच तर बसते तिथे. ती म्हणाली, “मंग तुम्हीच सांगा, तुम्ही बसता कुठं?”

मला हसू यायला हवं होतं. घरी येऊन मी आरशासमोर केस विंचरू लागले, तर फणी डाव्या हातात होती.

आईच्या लक्षात आलं ते जेवताना. वरणभात वाढला होता, वडील कचेरीतलं काही सांगत होते. ते बोलता बोलता थांबले. आईही माझ्याकडे पाहत होती. मी खाली पाहिलं. माझा डावा हात ताटात होता आणि भात कालवत होता, अगदी सराईतपणे. उजवा हात मांडीवर पडलेला. तो जड झाला होता, झोपेतून उठल्यावर होतो तसा. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, माझा हात धुतला आणि विचारलं, “सुलू, हा हात कोणाचा?”

दुसऱ्या दिवशी ठरलं, की मी मुंबईला मावशीकडे जायचं आणि कॉलेज सुरू होईपर्यंत तिथेच राहायचं. मी विरोध केला नाही. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच मोटीबेनसमोर लाज वाटत होती. निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याकडे गेले. संक्रांतीची कार्डं चालली होती. मी चार कार्डं रंगवली, पाचवं पुढ्यात ओढलं. शेवटी त्याच म्हणाल्या, “जाणार ना? नानी सकाळपासून गप्प आहे, तेव्हाच कळलं.”

त्या रागावल्या नाहीत. थांब, असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी थांबले असते, इतकी मी तेव्हा भित्री होते. आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“ऊठ. बघू मला जमतं का.”

त्या नानीबेनच्या खुर्चीत बसल्या. ब्रश डाव्या हातात घेतला. होडीची रेघ वाकडी गेली, किनाऱ्यावरची बाई तर नुसता ठिपका झाली. त्या स्वतःशीच हसल्या. “येईल. तुला आलं तर मला का नाही येणार? माझीच तर बहीण आहे.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “जा तू. उशीर होतोय.” मी त्यांच्या पाया पडले. डोक्यावर हात ठेवला तो डावा होता. चुकून असेल.

मुंबईत माझा उजवा हात हळूहळू माझ्याकडे परत आला. कॉलेज, वसतिगृह, परीक्षा. मोटीबेनना पत्र लिहायचं मनात येई, पण कोणाच्या नावाने लिहावं ते ठरत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले. आईने जाऊ नको म्हटलं, मग म्हणाली की जायचंच तर दिवसाउजेडी जा आणि बसू नको. गावात आईने बरंच ऐकलं होतं. मोटीबेन बाजारात दिसत नव्हत्या, घोलवडला मात्र कार्डं वेळेवर पोचत होती आणि पूर्ण होती.

मागचं दार लोटलेलं होतं. कुजक्या पानांचा वास तोच. त्या नानीबेनच्या खुर्चीत बसल्या होत्या. पदर डाव्या खांद्यावर. डाव्या हाताने रंग भरत होत्या, भरभर, न थरथरता. कार्डावर होडी होती आणि पाठमोरी बाई होती, आणि लाल अगदी कमी. समोरची जागा रिकामी होती. कात्री, कागद, खळीची वाटी, सगळं व्यवस्थित मांडलेलं. कोऱ्या कागदांचा आणि चिकटवायच्या जाळ्यांचा ढीग त्या बाजूला साचला होता. त्यांच्या पुढ्यात होतं ते जाळी चिकटवलेलं शेवटचं कार्ड असावं.

मी हाक मारली, “मोटीबेन.”

त्यांनी वर पाहिलं. चेहरा तोच, पण त्यावर एक लाडिक, हट्टी भाव होता, थोरल्या माणसाच्या तोंडावर नसतो तसा.

“ती येईलच,” त्या म्हणाल्या. “दमली आहे जरा. तू बस ना तिथे तोवर. तिला राग नाही यायचा.”

मोटीबेननी बहिणीला जाऊ दिलं नव्हतं. त्यासाठी त्या स्वतःच उठून गेल्या होत्या. त्या खोलीत आता एकच बाई होती, आणि तिला पुढचं कार्ड हवं होतं.

मी बसले नाही. पण निघूनही जाता येईना. उभ्या उभ्याच मी एक कागद कापला, त्याला खळ लावली, जाळी नीट बसवली. बोटांना निळा डाग लागला. मग ते कार्ड मी टेबलावरून पलीकडे सरकवलं आणि म्हटलं, “हे घे.” मोठ्या माणसाला अगंतुगं मी जन्मात कधी केलं नव्हतं.

त्यांनी ते डाव्या हाताने ओढून घेतलं. मान खाली घातली. बराच वेळ ब्रशचा आवाज येत राहिला. मी दारापर्यंत गेले तेव्हा, वर न पाहता, त्या म्हणाल्या, “मोटी, उद्या लवकर ये हं. पानांचा गर काढायला आलाय.”

“हो,” मी म्हटलं.