न लागणारा शेक

आमच्याकडं रेडिएशनला शेक म्हणतात. दवाखान्यातले वॉर्डबॉय मामा म्हणतात, बाकड्यावरचे पेशंट म्हणतात, डॉक्टरसुद्धा विचारतात, आजचा शेक झाला का. कुणाला त्यात काही खटकत नाही. माझ्या आईला खटकलं.

शेक म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी, कंबरेला फडक्यात गुंडाळलेली तापली वीट. ऊसतोडीहून आल्यावर पाठीला तिचं हेच औषध. छातीच्या गाठीचं ऑपरेशन होऊन शेक सुरू झाले तेव्हा ती निर्धास्त होती. दुसऱ्या आठवड्यात शनिवारी आम्ही धारूरला घरी आलो अन् तिनं सांगून टाकलं, सोमवारी येणार न्हाई. मशीन बंद पडलंय, माणसाला नुसतं निजवून उठवतेत.

"जरासुदीक गरम लागत न्हाई. मंग कशाचा शेक गं त्यो?"

डॉक्टरांनी बजावलं होतं, मधे खाडा पडला तर गाठ परत डोकं काढील.

मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. म्हटलं, हे शिक्षण आईच्या कामी नाही यायचं तर कुणाच्या? शेंगा फोडता फोडता तिला रेडियम शोधणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. तिच्या मुलखात पोरींना कॉलेजात घेत नव्हते. तिनं लोकांची लेकरं शिकवून आधी बहिणीला शिकवलं, मग स्वतः परमुलखात जाऊन शिकली. गळक्या शेडात खाणीतला दगडाचा चुरा उकळत राहिली, स्वतःएवढ्या लोखंडी दांड्यानं ढवळत, वर्षानुवर्षं. हाती आली चिमूटभर भुकटी, अंधारात आपोआप उजळणारी. त्या भुकटीचे किरण तुझ्या मशीनमधल्यासारखेच, दिसत नाहीत, लागत नाहीत, पण आत शिरतात. त्या बाईलाही ते लागले नाहीत. ती नळ्या खिशात घालून हिंडायची. बोटं जळाली, पुढं अंगात रक्त धरेना, त्यातच गेली.

शेवटचं सांगताना मी अडखळले. पण अर्धी गोष्ट सांगणं मला जमत नाही.

आईनं टरफलं बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हंजे मूळ औषद जाळावरचंच हाय की."

मी म्हटलं, जाळ फक्त ते वेगळं काढायला लागतो. तिनं मान हलवली, सोमवारी येते म्हणाली. मला वाटलं, पटलं.

सोमवारी मशीनपाशी तिचा पदर बाजूला केला अन् तिथल्या बाईंनी डॉक्टरांना हाक मारली. शेकाची जागा दाखवायला काढलेल्या शाईच्या खुणांवर फोड आले होते. रविवारी मी दळण आणायला गेलते तेव्हा आईनं चुलीत वीट तापवून छातीवर ठेवली होती. ऑपरेशननंतर तिथली कातडी बधिर. ऊब लागेपर्यंत तिनं वीट हलवलीच नाही.

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर मी भांडले तरी असते. जखम भरेपर्यंत शेक बंद, एवढंच बोलले. किती दिवस, मी विचारलं. बघू, म्हणाले. अन् गाठीचं? ते पुढच्या पेशंटकडं वळले.

बाहेर बाकड्यावर आई खुशीत होती.

"आता कुठं लागला बघ, माय."

रोज सकाळी तिला दारातल्या उजेडात बसवून जखम बघते. अजून ओलच आहे.