काशिनाथच्या खांद्यावरची झोळी

आधीच सांगते, मी असलं काही मानणारी बाई नाही. पाड्यावर कुणाच्या अंगात आलं की सगळे बघायला पळतात, मी आपली तव्यावरची भाकर बघते. पण हे माझ्याच अंगावर आलं... म्हणून लिहितेय.

आमचा पाडा मोखाड्यात, पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला. गाडी खालच्या रस्त्यापर्यंतच येते. दोन वर्षांपूर्वी भातलावणीत माझ्या भाच्याची, काशिनाथची, बायको सुनंदा बाळंतपणात अडली. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. पुढे काशिनाथ, मागे माझा थोरला. झोळी वाटेत खाली ठेवत नाहीत. दमलं की "खांदा दे" म्हणायचं, दुसऱ्याने खांदा लावायचा. त्या दिवशी सगळे शेतावर, बदलीला कुणी नाही. उतारावर काशिनाथने एकदाच, पाणी प्यायला, झोळी टेकवली. उचलली तेव्हा सुनंदा गेलेली होती. बाळ पोटातच.

तेव्हापासून तो डावा खांदा पाडून चालतो. जेवतो उभ्याने. झोप नाही, भांडं पडलं तरी दचकतो. मी त्याला जव्हारला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "आजी, हे वेड नाही. याला पीटीएसडी म्हणतात. तुम्हाला तो दिवस आठवतो, त्याच्यासाठी तो दिवस अजून चालूच आहे." गोळ्या दिल्या. पण खरा उपाय म्हणजे तो दिवस त्यांच्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा, पुन्हा पुन्हा, म्हणजे हळूहळू मागे पडतो. काशिनाथ सांगायचा, उतारापर्यंत यायचा, की थांबायचा.

"पुढे?" बाई विचारायच्या.

"पुढं काय... चालतोय."

एकदा जव्हारहून परतताना त्याच उतारावर, आता चढताना, तो थांबला. भर दुपार. "आते, खांदा दे गं."

"मेल्या, म्हातारीला कामाला लावतोस होय?" मी हसले. पण तो डावा खांदा पुढे करून उभाच. म्हटलं, पोराच्या मनासाठी... त्याच्या बाजूला जाऊन खांदा लावला.

आणि वजन आलं हो! माझे गुडघेच वाकले. नुसतं वजन नाही, झोळी झुलते तसं हलतं. काशिनाथ ताठ झाला, कडेला बसला आणि बसल्या बसल्या झोपला. दोन वर्षांनी! मी तशीच उभी. ऊन माझ्या पायांवरून सरकून पलीकडे गेलं. शेवटी माझ्याने होईना.

"काशा, मी ठेवते रे खाली!"

"नको ठेवू!" तो ताडकन उठला, माझ्या खांद्याखाली त्याने आपला खांदा घातला. मी हलकी झाले.

खांद्यावर बांबूएवढा रुंद, काळानिळा वण आठ दिवस होता. बाईंना दाखवला. म्हणाल्या, सोबत राहणाऱ्यालाही असं जाणवतं, तुम्हीही बोलायला बसा. जाणवलं, ते मान्य. पण वण कसा उठला? ते त्यांना सांगता आलं नाही, मलाही अजून कळलेलं नाही.

काशिनाथने जव्हारला जाणं सोडलंय. म्हणतो, "शेवटापर्यंत सांगितलं तर ठेवावी लागंल, आते." अंगाची काडी झालीय. परवा मीच म्हटलं, "थोडा वेळ माझ्याकडं दे, बाबा. दोन घास बसून खा."

"नाय गं," म्हणाला, "तू ठेवशील."