मामांनी उलटलेलं पान

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरीच्या कानावर शापांचा अख्खा अध्याय घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा मामा होता. नवरी मीच. निपाणीतल्या त्यांच्या घरापुढे मांडव पडलेला, पाहुणे चहाची वाट बघत ताटकळलेले, आणि मामा नेहमीच्या सतरंजीवर बसून बायबल वाचताहेत: शेतावर शाप, परातीवर शाप, पोटच्या पोरांवर शाप. मामीनं आदल्या दिवशी विनवून पाहिलं होतं, की उद्यापुरतं एखादं गोड स्तोत्र वाचा. मामा म्हणाले, "लग्नाची तारीख आपण आपल्या सोयीनं काढली. शास्त्र कशाला सरकवायचं?" मग अध्याय संपला, प्रार्थना झाली, आणि पाहुण्यांना चहा मिळाला.

गल्लीत त्यांना अध्यायमामा म्हणत. तंबाखूच्या वखारीत त्यांनी उभं आयुष्य वजनकाट्यावर काढलं होतं, तिथल्या धुळीनं आवाज कायमचा बसलेला. त्या घोगऱ्या आवाजात रोज सकाळी चहाच्या आधी एक अध्याय, घरातल्या सगळ्यांना बसवून, मोठ्यानं. पहिल्या उत्पत्तीच्या पुस्तकापासून शेवटच्या प्रकटीकरणापर्यंत ओळीनं, जे येईल ते. असं सगळं पवित्र शास्त्र पुरं व्हायला सव्वातीन वर्षं लागत, आणि संपलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं पान. शेजारच्या जैन अण्णांचा स्वाध्याय त्याच वेळी चालायचा. दोघांची ओट्यावर गाठ पडली की "झालं काय?" "झालं की," एवढंच बोलणं व्हायचं.

आई गेल्यावर मी शाळेसाठी त्यांच्याकडे राहिले आणि या नेमात सापडले. सुरुवातीला माझा उत्साह उतू जात होता. एकटीच बसून एका दमात चार-पाच अध्याय वाचायची आणि मग आठवडाभर पुस्तकाकडे फिरकायची नाही. मामा रागावले नाहीत. एक अध्याय, दोन नाही आणि अर्धाही नाही, असं त्यांनी ठरवून दिलं. जास्त वाचशील त्याच दिवशी उद्याची दांडी ठरते, हे त्यांचं म्हणणं किती खरं आहे ते मी पुढे माझ्या मुलांना शिकवताना पाहिलं. वंशावळ्यांचे अध्याय आले, की मी तोंड वाकडं करायची. यातलं काही कळत नाही, म्हणायची. त्यावर त्यांचं उत्तर मला अजून पाठ आहे. "भाकरी कळून खातीस व्हय? खा. अंगाला लागती."

एका गोष्टीची मात्र त्यांना मनापासून चीड होती. आमच्या चर्चच्या मंडळीत काहीजण अडचण आली की डोळे मिटून शास्त्र उघडायचे, बोट ठेवायचे, आणि बोटाखाली येईल ते वचन देवाचं उत्तर समजायचे. मामा अशांना तोंडावर सुनवायचे. "गावदेवाला कौल लावल्यागत शास्त्र उघडायचं न्हाय. वचन आपल्याला विचारतंय, आपण त्याला विचारायचं न्हाय." ओळीनं वाचण्याचा त्यांचा हट्ट त्यातूनच आलेला. आपल्याला हवं ते निवडायचं नाही, नको ते टाळायचं नाही.

पण घरात मामी होती, आणि मामीचा जीव भित्रा. कुठल्या दिवशी कुठला अध्याय आला आणि त्या दिवशी काय बिघडलं, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं असायचं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी संकेश्वरच्या पुढे हायवेवर माझ्या नवऱ्याच्या गाडीला ट्रकची धडक बसली आणि त्याचा एक पाय कायमचा अधू झाला. दवाखान्याच्या व्हरांड्यात मामी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी तवाच सांगितलंतं." मामांनी ते ऐकलं. आशीर्वादाचा अध्याय वाचणाऱ्यांचे पाय मोडत नाहीत काय, असं त्यांनी तिला विचारलं आणि ते बाहेर गेले. त्यांचं बरोबर होतं. तरीही शापांचा तो अध्याय जवळ येऊ लागला की मी मनात दिवस मोजायची, हेही खरं.

मग ती सकाळ आली. मामांचा मुलगा प्रकाश, त्याची बायको सुनीता चिकोडीची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले आणि सातव्याच महिन्यात मुलगी झाली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. बेळगावच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली. सुनीता आणि प्रकाश तिकडे होते. मी बेळगावातलंच, खासबागेतलं माझं घर सोडून मामीला सोबत म्हणून निपाणीला आले होते. आदल्या सकाळी मामांनी दावीद राजाच्या पापाचा अध्याय वाचला. पुढचा कुठला, ते घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. राजाचं तान्हं लेकरू आजारी पडतं, राजा उपाशीपोटी जमिनीवर पडून देवाला विनवतो, आणि लेकरू वाचत नाही.

मामा सतरंजीवर बसले. पुस्तक उघडलं. खुणेची रेशमी फीत बाजूला केली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि पान उलटलं. वाचायला लागले ते त्याच्या पुढचा अध्याय. मामीनं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्या माहितीत त्यांनी असं कधीच केलं नव्हतं. प्रार्थनेत त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त बसलेला वाटला, आणि मला त्यांची दया येण्याऐवजी भीती वाटली.

मुलगी जगली. महिना-दीड महिन्यानं पेटीतून बाहेर आली, घरी आली, तिचं नाव रूथ ठेवलं. गल्लीभर पेढे वाटले. मामा पेढे वाटताना हसत होते, पण त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. मामीनं मला पुढे सांगितलं, की ते आता संध्याकाळीच उद्याचा अध्याय चाळून बघतात. वाईट काही असलं, की झोपायच्या आधी पोरीच्या कपाळाला हात लावून येतात. ईयोबाची पोरं एका दिवसात मरतात तो भाग आला, तेव्हा त्यांनी आठवडाभर प्रकाशला मोटारसायकल काढू दिली नाही. जन्मभर मामीच्या भीतीला हसलेला माणूस मामीच्याही पुढे गेला होता.

एकदा मी निपाणीला गेले असताना ओट्यावर बसून त्यांनी स्वतःच विषय काढला. म्हणाले, "मी कौल लावला गं. पान उलटून कौल लावला. पोरगी त्यानं जगली न्हाय, देवानं जगवली, हे मला कळतंय. पर रोज पुस्तक उघडताना हात म्हणतोय, तुझ्याच उलटण्यानं जगली." ते पुढे म्हणाले, की तो अध्याय परत येणार आहे, आणि तेव्हा आपण काय करू ते आपल्यालाच ठाऊक नाही.

तो येत होताच. घरात कुणी नाव काढत नव्हतं, पण सगळे डोळ्यांनी फीत बघायचे. संदेष्टे सरले, शुभवर्तमानं सरली, प्रकटीकरण संपून पुन्हा उत्पत्ती लागलं. रूथ चालायला लागली, बोलायला लागली, आजोबांच्या मांडीवर बसून फितीशी खेळायला लागली. ती फीत रोज एका पानानं पुढे सरकवायची, तिला ते काम फार आवडायचं. सुनीता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते बघायची आणि तिच्या हातातलं भांडं हातातच राहायचं.

अखेर एका संध्याकाळी मामांचा मला फोन आला. उद्या तो अध्याय आहे, तू ये, एवढंच बोलले. मी पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघाले. पोचले तर सुनीता घरात नव्हती. आईला बरं नाही असं सांगून ती आदल्या दिवशी रूथला घेऊन चिकोडीला गेली होती. आईला काही झालेलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मामांनी रूथ कुठं आहे विचारलं, मामीनं सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटलं. "मग आज अध्याय न्हाय," म्हणाले. प्रकाश भडकला. माझ्या लेकरासमोर लेकरू मेल्याची गोष्ट कशाला वाचायची, आणि तुम्हाला वाचायचीच असेल तर तिच्या माघारी वाचा, असं तो ओरडून म्हणाला. मामा शांतपणे म्हणाले, "तिच्या माघारीच पळालो मी. परत माघारीच वाचलं तर ते बी पळणंच." खरं सांगते, मला त्यांचा राग आला. म्हाताऱ्याच्या मनाच्या शांतीसाठी तीन वर्षांच्या पोरीला का ओलीस धरायचं? मी तसं बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा न पिताच ते उठले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. ते वेळेवर सतरंजीवर येऊन बसायचे, मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवायचे, थोड्या वेळानं उठायचे. जैन अण्णा ओट्यावर आले आणि "झालं काय?" विचारायचं सोडून नुसतेच उभे राहिले. मी सुट्टी वाढवून घेतली. अध्यायाची भीती वाटायची ते दिवस बरे होते, असं मला वाटायला लागलं.

मामीनं सुनीताला फोन करून सगळं सांगितलं असावं. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता सुनीता रूथला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. चेहरा ओढलेला, रात्रभर झोप नसावी. ती सरळ सतरंजीपाशी आली आणि तिनं पोरीला सासऱ्याच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "आप्पा, मला भ्या वाटतंय. पर तुम्ही वाचायचंच सोडलंय हे ऐकून त्याच्यापेक्षा जास्त भ्या वाटाय लागलंय. वाचा."

त्यांनी वाचलं. रूथ फितीशी खेळत होती. लेकरू मेलं त्या ओळीला आवाज थांबला, सुनीतानं डोळे गच्च मिटले, मामांनी ओळ पुरी केली. मग राजा उठतो, अंघोळ करतो, देवाच्या घरी जातो आणि जेवतो, तिथपर्यंत सगळं वाचलं. शेवटी प्रार्थना. ती त्यांनी रोजच्यासारखी मोठ्यानं केली, फक्त शेवटचं काहीतरी तोंडातल्या तोंडात बोलले. मी अगदी जवळ बसले होते. मला ऐकू आलं. "हिला न्हाय. मला."

त्याच संध्याकाळी रूथला ताप भरला. दोन दिवस मामा तिच्या उशाशी बसून राहिले, पण संध्याकाळी उद्याचं पान बघायला उठले नाहीत. ताप उतरला. ते रोजचा अध्याय पूर्वीसारखा वाचू लागले, चहा पिऊ लागले, अण्णांशी "झालं की" म्हणू लागले. मी बेळगावला परतले. आणि दोन-तीन आठवड्यांतच प्रकाशचा फोन आला, की आप्पा झोपेतून उठलेच नाहीत.

मी पोचले तेव्हा गल्लीत कुजबुज चालू होती. अध्यायानं शेवटी एक जीव नेलाच, असं बायका बोलत होत्या. मामीही तेच पुटपुटत होती. कौलाची चीड असलेल्या माणसानं जाता जाता देवाशी सौदा केला होता काय? आणि देवानं तो मान्य केला, असं समजायचं काय? मी सुनीताला बाजूला घेतलं आणि ऐकलेलं सांगितलं. ती म्हणाली, "ऐकलं मी बी. आजा नातीसाठी असंच बोलणार. पर त्यानं ते गेले असं म्हटलं, तर त्यांनी जन्मभर वाचलेलं वाया गेलं."

मग तिनं चेहरा धुतला, सतरंजी अंथरली, मामांना ठेवलं होतं त्याच खोलीत. रूथला मांडीवर घेतलं आणि पुस्तक उघडलं. त्या दिवशी वाट्याला आला तो शलमोन राजाच्या कारभाराचा अध्याय: कोण अधिकारी कुठल्या प्रांतावर, राजवाड्याला रोज किती सपीठ लागे, घोड्यांना किती जव. मयताच्या घरात हा अध्याय कुणीच निवडला नसता. दारातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सुनीता अडखळत एकेक नाव वाचत गेली. जवापाशी आल्यावर तिचा आवाज तुटला, ती थांबली, आणि तिनं ती ओळ परत पहिल्यापासून वाचली. अध्याय पुरा होईपर्यंत त्या घरात कुणी रडलं नाही.