बांबूच्या फुलांचा गुच्छ

ऑफिसातल्या मिझो मैत्रिणीने थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावलं, आणि मी दुकानातून फुलं घ्यायची सोडून आमच्या मागच्या कुंपणाशी फुललेला बांबूच कापून नेला. २००६ साल, अमेरिकेतल्या कॅरी गावातलं आमचं नवं घर, आणि मी जन्माने पुणेकर. बांबूला फुलं येतात हेच मला पन्नाशीत कळत होतं. भाताच्या वाळक्या लोंब्यांसारखे ते झुबके. वर लाल रिबीन बांधली. मला तो गुच्छ फारच कलात्मक वाटला.

बायकोने तो नीट पाहिला तो थेट त्यांच्या दारात. ती चंद्रपूरची.

"अहो, हे काय आणलंत! बांबू फुलला की दुष्काळ येतो म्हणतात आमच्याकडे. तिथे माझी ताई तर असली काडी अंगणातसुद्धा आणू देत नाही."

"अगं, हे नॉर्थ कॅरोलायना आहे," असं म्हणून मी बेल दाबली.

दार मैत्रिणीच्या आईने उघडलं. साठीच्या आतबाहेरची, ठेंगणी, हसरी बाई. नातवंडं सांभाळायला मिझोरमहून आलेली. आम्हीही तिला आजीच म्हणायचो. गुच्छ पाहिला आणि तिचं हसू विझत गेलं. तान्हं मूल घ्यावं तसा तो दोन्ही हातांवर घेऊन ती आत गेली. आम्ही मागोमाग गेलो, तर ती स्वयंपाकघरात भिंतीला कान लावून उभी.

"उंदरांची खुडबुड ऐकत असेल ती," मैत्रीण हळूच म्हणाली. "तुला काय माहीत यार, सोड."

मग तिने सांगितलं. त्यांच्या डोंगरांवरचा बांबू पन्नासेक वर्षांनी एकदम फुलतो आणि मरतो. त्याच्या बिया खाऊन उंदीर माजतात. बिया संपल्या की शेतात उतरतात आणि उभं भात फस्त करतात. मौताम म्हणतात त्याला. आजीच्या लहानपणी तो आला, तेव्हा थोरली बहीण आपल्या वाटचा भात हिला भरवायची आणि स्वतः जंगलात कंद उकरायला जायची. ती बहीण अजून गावात होती. एकटी, घरात फोन नाही.

जेवताना आजीने ताटातला अर्धा भात बाजूला काढला आणि ओट्यावर फडकं पसरून वाळत घातला. कुणासाठी, ते विचारावं लागलं नाही.

पुढे ते रोजचंच झालं. मैत्रीण कॉफीच्या वेळी सांगायची, "जायचंय म्हणते. मी म्हणते, आई, तुझं बीपी बघ, समरला जाऊ. ती आपली अर्धा भात काढत बसते. उतरलीय रे खूप." मी कॉफीत बघत बसायचो. गुच्छ माझा होता.

त्याच सुमारास आमच्या माळ्यावर खरवडल्यासारखा आवाज यायला लागला. "खार असेल," मी घरच्यांना अधिकारवाणीने सांगितलं. खारी पकडणारा माणूस बोलावला. तो बॅटरी घेऊन वर चढला, खाली आला आणि म्हणाला, वर काहीच नाही. खारीची लेंडीसुद्धा नाही. तो गेला आणि आवाज पुन्हा सुरू झाला. सावकाश. दमून थांबल्यासारखा, परत लागल्यासारखा.

शेवटी मैत्रिणीने हार मानली आणि आजीचं तिकीट काढलं. विमानतळावर मीच नेलं दोघींना. वाळल्या भाताची पिशवी आजीच्या मांडीवर होती. उतरताना तिने माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाली. मैत्रिणीने सांगितलं, "म्हणते, उंदीर नव्हते ते. माझी ताई कंद उकरत होती."

आमच्या माळ्याबद्दल मी त्या दोघींना एक अक्षर बोललो नव्हतो.

आजी गावी पोचल्याचं कळलं ते चार-पाच दिवसांनी संध्याकाळी, मैत्रिणीच्या फोनवरून. मी गुच्छ नेला त्याच महिन्यात गावाभोवतीचा बांबू फुलला होता. आणि पहिलं फूल दिसल्या दिवसापासून थोरली रोज आपला अर्धा भात वाळवून ठेवत होती, धाकटी येणार म्हणून. तिला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार कसं?

बायको पानं वाढत होती, तिला हे सगळं सांगितलं. वर माळा गप्प होता, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. तिने हातातला भाताचा डाव तसाच पातेल्यात ठेवला.

"ताईला फोन लावा. जेवतेय ना नीट, तेवढं विचारते."

"अगं, चंद्रपुरात अजून उजाडलंसुद्धा नसेल."

"ती जागीच असेल," बायको म्हणाली.