अर्धं शटर

नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान असलेले एक शेठ आमचे जुने ग्राहक. माझी वेबसाइट बनवायची छोटी कंपनी. सगळ्यात जास्त डोकं कोण खातं असं विचारलं, तर आमच्याकडचं कुणीही याच शेठकडे बोट दाखवेल. वेबसाइट रोज सकाळी उघडावी लागते आणि रात्री बंद करावी लागते, अशी त्यांची ठाम समजूत. दुकानात उदबत्ती लावली की त्यांचा मला फोन, "उघडलं का?"

सुरुवातीला मी समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. कुलूप लावल्याशिवाय मला झोप लागत न्हाय, म्हणाले. मग मी नाद सोडला. रोज सकाळी त्यांची साइट बघायची, एखादा टॉवेल निवडून सगळं चालतंय याची खात्री करायची आणि सांगायचं, उघडलं शेठ. गंमत म्हणजे त्यामुळे बिघाड लवकर सापडायला लागले. पुढे सगळ्याच ग्राहकांच्या साइट सकाळी तपासायचा मी नियम केला. नव्या लोकांना हे आमचं वैशिष्ट्य म्हणून सांगतो. श्रेय शेठना देत नाही.

माझे वडील ऐन लग्नसराईत गेले. टॉवेल-टोपीच्या ऑर्डरी जोरात होत्या. स्मशानात लाकडं रचत असताना खिशात फोन थरथरला. मी बाजूला जाऊन मोबाइलवर साइट बघितली आणि म्हणालो, उघडलं शेठ. आवाज नेहमीचाच होता.

त्या आवाजाची मला नंतर भीती वाटायला लागली. आई रडली, बहीण रडली. मी राख सावडली, दहाव्याला मुंडण केलं, जेवलो, झोपलो. पोरगा खंबीर आहे, असं पाहुणे म्हणाले. कसला खंबीर, बधिर झालो होतो. वडिलांसाठी आपल्याला रडूच येणार नाही की काय, एवढाच विचार डोक्यात असायचा. ग्राहकांपैकी कुणालाच कळवलं नाही. सांगायला आत काही सापडतच नव्हतं.

तेरावं झाल्यावर ऑफिसला जायला लागलो. कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा घेतल्या. एक दिवस शेठ टॉवेलचे नवे नमुने घेऊन स्वतःच आले. माझं डोकं बघून हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली. कोण, विचारलं. मी सांगितलं. कधी, तेही सांगितलं.

"त्या दिवशी मी फोन केलतो की. कुटं होता तुमी?"

"स्मशानात."

त्यांनी खुर्ची ओढली. पेठेत शेजारच्या दुकानदाराच्या घरातलं कुणी गेलं, की मयत निघेपर्यंत बाकीचे आपलं शटर अर्धं खाली ओढतात. ते मलाही माहीत होतं.

"माझं दुकान तुमी रोज उघडता," शेठ म्हणाले. "मग शेजारी कोण? शटर ओढायचं राहिलंय, ते आज करा. बंद ठेवा."

मी ऑर्डरींचं सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. काय लिहायचं तेही त्यांनीच सांगितलं आणि मी टाइप केलं: 'शेजाऱ्यांचे वडील वारले. आज दुकान बंद.' वारले, हा शब्द मी तोवर कुठंच लिहिला नव्हता. हात जरा थांबले, पण डोळे कोरडेच. साइटवर तेवढं एक वाक्य राहिलं. दुखवट्याला आलेला माणूस 'येतो' म्हणत नाही, तसे शेठ काही न बोलता उठून गेले. नमुने टेबलावरच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला फोन आला. मी लॅपटॉप उघडून तयारच बसलो होतो.

"आज उघडू या का?" त्यांनी विचारलं.

हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि रडायला लागलो. पलीकडून शेठ काही बोलले नाहीत. त्यांनी फोनही ठेवला नाही.