ताईच्या मागच्या दाराची भिंत

कायद्याच्या महाविद्यालयात त्यांना सगळे 'तळटीप सर' म्हणत. संदर्भ दिल्याशिवाय सर 'आज उकडतंय' असंसुद्धा म्हणणार नाहीत, अशी मुलांची थट्टा. वहिवाटीच्या रस्त्यांवरचं त्यांचं पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं होतं. त्यात सख्ख्या बहिणीचा, ताईचा, दावाही होता. शेजाऱ्यानं तिच्या मागच्या बोळात घातलेली भिंत पाडायचा हुकूम झाला आणि रस्ता मोकळा झाला, असं सरांनी मोठ्या समाधानानं लिहिलं होतं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक विद्यार्थिनी पीएचडीचा विषय घेऊन सरांच्या संशोधन समितीपुढे आली. असे दावे जिंकलेल्यांच्या घरी जाऊन रस्ते खरंच उघडले का, हे तिला बघायचं होतं.

"हे संशोधन नव्हे, शिरगणती झाली," सर म्हणाले. "कलम घ्यायचं, निकाल घ्यायचे, संगती लावायची. दुसरा कोणी त्याच वाटेनं गेला तर तिथंच पोचला पाहिजे. शास्त्रीय म्हणतात ते याला."

"पण सर, पोचल्यावर जागा बघायला नको?"

"घरोघर फिरायचं तर वीजमीटर वाचायला जा."

समितीतले दोघे हसले. विषय बारगळला. मुलगी पुन्हा फिरकली नाही.

निवृत्तीनंतर ताईचे गुडघे पार गेले. तिला दवाखान्यात न्यायला सर गेले, तर पुढच्या दाराला उभ्या पायऱ्या. तिची चाकांची खुर्ची मागच्या बोळातून काढू म्हणून त्यांनी स्वयंपाकघराचं दार उघडलं. हातभर अंतरावर शेवाळलेली भिंत. तिच्यात खिळे ठोकून ताईनं फडकी वाळत घातली होती.

"ताई, ही पाडली नाही?"

"त्यानं अपील केलं, मग घर विकलं. नवा म्हणतो, माझा काय संबंध."

"मला बोलली नाहीस ते?"

"तू छापून बसलास. भावाला खोटं कुठे पाडू? आणि तुला चहा लागतो पुढच्या खोलीत. इकडे कधी आलास?"

टॅक्सीवाल्याच्या मदतीनं त्यांनी ताईला खुर्चीसकट पायऱ्यांवरून उतरवलं. प्रत्येक पायरीला ती त्यांचा खांदा गच्च धरत होती.

दवाखान्याच्या बाकावरून सरांनी त्या मुलीला फोन लावला. ती आता एका कंपनीत करारांचे मसुदे करत होती.

"तुझा तो विषय... अजून करशील? मी शब्द टाकतो."

"आता नाही जमणार, सर," ती म्हणाली. "तेव्हा यादीत पहिलं घर तुमच्याच पुस्तकातलं धरलं होतं मी, तुमच्या बहिणीचं. वाटलं, तुम्हाला आवडेल."

सरांनी फोन खिशात ठेवला. आत ताई डॉक्टरांना सांगत होती, "घरी जायची काळजी नाही हो, भाऊ आहे बरोबर."